ऑर्गनवाल्याचं नाव

दक्षिण कॅरोलायनातल्या नॉर्थ मर्टल बीचला, ओशन ड्राइव्हवरच्या एका क्लबात शनिवारी रात्री उभा होतो. लाकडी जमीन, तिच्यावर साठी-सत्तरीतली जोडपी. शॅग हा नाच पहिल्यांदा पाहणाऱ्याला कळत नाही की ही माणसं नाचतायत की नुसती मागेपुढे चालतायत. कमरेच्या वरचं अंग इतकं स्थिर, की डोक्यावर भरलेली घागर ठेवली तरी थेंब सांडू नये. सगळा खेळ पायांत. सहा मोजणीचं आवर्तन, त्यात आठ पावलं, आणि तळवे जमिनीवरून असे सरकतात जसं पिठावरून बोट फिरावं.

बँड कोपऱ्यात होता. पुढे दोन गायक, बाजूला ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, मागे गिटार, बेस, ड्रम. आणि अगदी कडेला, खांबाच्या आड, की-बोर्डवाला. एका गाण्यात गायकाने अंतरा दोन मात्रा आधीच उचलला. अशा वेळी बँड विस्कटतो, नाचणारे थबकतात. त्या खांबाआडच्या माणसाने डाव्या हाताने कॉर्ड तिथल्या तिथे बदलली, उजव्याने वर एक लांब सूर धरून ठेवला, आणि बाकीचे सगळे त्या सुराचा हात धरून पुढच्या समेवर आले. नाचणाऱ्यांपैकी एकाचंही पाऊल चुकलं नाही. चूक झाली होती हे त्यांना कळलंही नसेल.

शेजारी उभ्या असलेल्या तिघांना मी विचारलं, या की-बोर्डवाल्याचं नाव काय? तिघेही या बँडला अनेक वर्षं ऐकणारे. दोन्ही गायकांची नावं, त्यांची गावं, आधीचे बँड, सगळं त्यांना तोंडपाठ. की-बोर्डवाल्याबद्दल एक म्हणाला, ‘फार चांगला वाजवतो.’ नाव तिघांनाही आलं नाही. मध्यंतरात मी त्यालाच गाठलं, तर त्याला वाटलं मला गाण्याची फर्माईश करायचीय.

त्या रात्रीपासून हा प्रश्न डोक्यात आहे. एखाद्या प्रदेशाच्या संगीताची आठवण ठेवायची म्हणजे नेमकं काय ठेवायचं? माझं उत्तर साधं आहे. कोणी काय वाजवलं ते नावानिशी लिहून ठेवायचं. हे सोपं काम न केल्याने गुणी वादकांचं किती नुकसान झालं, याचा हिशेब मात्र साधा नाही.

आधी या संगीताविषयी. ‘बीच म्युझिक’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना कॅलिफोर्नियाचे बीच बॉइज आठवतात. त्याचा इथे संबंध नाही. हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं, दोन्ही कॅरोलायना आणि व्हर्जिनियाचं संगीत. त्याचा जन्म वर्णभेदाच्या काळातला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत गोऱ्या घरांमधल्या मुलांना आपल्या गावच्या रेडिओवर कृष्णवर्णीयांचं रिदम अँड ब्लूज सहसा ऐकायला मिळत नसे. उन्हाळ्यात ती मुलं समुद्रावर येत, तिथल्या पॅव्हिलियनमध्ये नाणं टाकून वाजणारी ज्यूकबॉक्स असे, आणि तिच्यात ही गाणी असत. घरी नाही, फक्त किनाऱ्यावर ऐकू येणारं संगीत, म्हणून ते बीच म्युझिक. समुद्र, वाळू, लाटा यांचं वर्णन त्यात असलंच पाहिजे असं नाही. हे नाव ते ऐकायला मिळण्याच्या जागेवरून पडलं आहे.

आणि त्या जागेच्या मागे आणखी एक जागा होती. मर्टल बीचच्या कार्व्हर स्ट्रीटवर चार्ली फिट्झजेराल्ड या कृष्णवर्णीय व्यावसायिकाचा क्लब होता, ‘चार्लीज प्लेस’. मोठमोठे कृष्णवर्णीय कलाकार तिथे येऊन वाजवत, आणि नाच पाहायला, मग शिकायला, गोरी तरुण मुलंही येत. 26 ऑगस्ट 1950 च्या रात्री कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या संघटनेने त्या क्लबवर हल्ला केला, शेकडो गोळ्या झाडल्या, चार्लीला पळवून नेऊन मारहाण केली. त्या धुमश्चक्रीत क्लॅनचा एक माणूस मेला. त्याचा झगा काढला तेव्हा आत पोलिसाचा गणवेश निघाला. खटला पुढे कोणावरच टिकला नाही. शॅगची पावलं ज्यांच्याकडून आली त्यांची किंमत कशी चुकवली गेली हे या एका रात्रीत दिसतं.

आता त्याच शॅगला 1984 मध्ये दक्षिण कॅरोलायनाने राज्याचं अधिकृत नृत्य केलं. 2001 मध्ये बीच म्युझिक हे राज्याचं अधिकृत लोकप्रिय संगीत झालं. उत्तर कॅरोलायनानेही 2005 मध्ये शॅगला असाच मान दिला. मला याचा आनंदच आहे. पण मान मिळाला तो प्रकाराला. एखाद्या राज्याने पक्ष्याला राज्यपक्षी म्हणावं तसं ते आहे. पक्ष्याला नाव नसतं म्हणून काही बिघडत नाही. वाजवणाऱ्याला असतं.

म्हणून इथे एका की-बोर्डवाल्याविषयी लिहितो, ज्याचं नाव सुदैवाने नोंदलं गेलं.

बिल डील हा व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथ गावचा. 1959 मध्ये, शाळकरी वयात, त्याने आणि ड्रमवर बसणाऱ्या अ‍ॅमन थार्पने मिळून बँड काढला, पुढे त्याचं नाव ‘बिल डील अँड द रॉन्डेल्स’ झालं. डील ऑर्गनवर बसून गायचा. 1969 या एका वर्षात त्यांची तीन गाणी अमेरिकेच्या पहिल्या चाळिसांत पोहोचली. 1970 च्या दशकाच्या मध्यात बँड थांबला. डिसेंबर 2003 मध्ये डील गेला.

ऑर्गनवर बसून गाणारा माणूस. कोकणातल्या वाचकाला मला यापुढे फार समजावून सांगावं लागणार नाही. आमच्याकडे भजनात बुवा पेटी वाजवत गातो. पेटीवरचं बोट आणि गळा एकाच विचाराने चालत असतात, आणि पखवाजवाल्याला बुवाच्या नजरेवरून कळतं की आता गजर येणार. बुवा भाता जरा जोरात मारतो, अख्ख्या मंडळाची लय हलते. डीलच्या बँडची रेकॉर्डिंग ऐकताना मला हेच ऐकू येतं. ब्रासचे, म्हणजे ट्रम्पेटसारख्या फुंकवाद्यांचे, तोडे झणझणीत, धारदार. ते आपल्याकडे लक्ष ओढून घेतात. पण ते थांबतात तेव्हा खालून ऑर्गन चालूच असतो, आणि नाचणाऱ्यांचे पाय ब्रासवर पडत नाहीत, त्या खालच्या सुरावर पडतात.

शॅगचा वेग साधारण मिनिटाला 110 ते 135 ठोक्यांचा. ऐकायला सोपं वाटतं. चार तास तो वेग रेसभरही न हलवता धरायचा, हे तबल्यावर मध्यलयीचा ठेका धरणाऱ्याला विचारा. द्रुतात बोटं धावतात तेव्हा टाळ्या पडतात. मध्यलयीत ठेका जराही न सरकवणाऱ्याला दाद देणारा श्रोता क्वचितच भेटतो. शॅगच्या बँडमधल्या ऑर्गनवाल्याचं कसब या दुसऱ्या जातीचं आहे. तो स्वतः मागे राहतो तेव्हा नाचणारा पुढे येतो.

त्या काळच्या हॅमंड ऑर्गनबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण या कष्टाचा तोही भाग आहे. लॉरेन्स हॅमंडने 1930 च्या दशकात तो बाजारात आणला तो चर्चसाठी. पाइप ऑर्गन परवडत नाही अशा चर्चला त्यापेक्षा स्वस्त वाद्य हवं होतं. आत दातेरी धातूच्या 91 चकत्या फिरतात, प्रत्येकीसमोर चुंबक, आणि त्यातून सूर उमटतो. वर 61-61 पट्ट्यांच्या दोन रांगा, पायाखाली 25 पट्ट्या. नऊ-नऊ दांड्यांचे संच ओढून-ढकलून आवाजाचा रंग बदलायचा, तोही वाजवता वाजवता. सोबत लेस्ली नावाचा स्पीकर, ज्याच्यात कर्णा प्रत्यक्ष गरगर फिरतो आणि त्यामुळे सुराला तो ओळखीचा कंप येतो. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या वादकांनी या वाद्याला बोलकं केलं. तिथून ते जॅझमध्ये गेलं, सोल संगीतात गेलं. सगळा सरंजाम धरून वजन चारशे पौंडांच्या वर. म्हणजे समुद्रकाठच्या क्लबात रात्री एक वाजता कार्यक्रम संपला की गिटारवाला पेटी उचलून निघे आणि ऑर्गनवाला चार माणसं गोळा करत बसे. आपल्या संगीत नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडात ऑर्गन असे. गावोगावच्या रस्त्यांवरून तो बैलगाडीने, रेल्वेने नेणाऱ्यांचे हाल आठवले की किनारा बदलला तरी धंदा तोच आहे हे पटतं.

डीलच्या त्या तीन गाण्यांकडे परत येतो, कारण नावाचा मुद्दा तिथेच गुंततो. तिन्ही गाणी त्याची नव्हेत. एक मॉरिस विल्यम्सचं. हा दक्षिण कॅरोलायनातल्या लँकेस्टरचा कृष्णवर्णीय गायक आणि गीतकार. 1960 मध्ये त्याचं ‘स्टे’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, आणि दोन मिनिटांचंही नसलेलं ते गाणं तिथवर पोहोचलेल्या गाण्यांत सर्वांत छोटं म्हणून ओळखलं जातं. डीलची बाकीची दोन गाणी आधी अटलांटाच्या ‘द टॅम्स’ या कृष्णवर्णीय गायकांच्या संचाने गायलेली, आणि दोन्ही लिहिलेली रे व्हिटलीने.

इथे काही जण म्हणतात, मग डीलचं कौतुक कशाला? दुसऱ्यांची गाणी उचलून गोऱ्या मुलाने नाव कमावलं, ही अमेरिकन संगीताची जुनीच गोष्ट. हा आक्षेप खोटा नाही. विल्यम्सच्याच बाबतीत 1957 मध्ये असं झालं होतं: त्याने लिहून आपल्या संचासह गायलेलं एक गाणं कॅनडातल्या गोऱ्या संचाने पुन्हा गायलं आणि दुसऱ्या क्रमांकावर नेलं. चार्लीज प्लेसचं जे झालं ते वर लिहिलंच आहे. बीच म्युझिकच्या गोड आठवणी सांगणारे पुष्कळ लोक हा भाग वगळतात. वाळू, चंद्र, पहिलं प्रेम एवढंच सांगतात. मला ते आवडत नाही.

पण या आक्षेपावर उपाय म्हणून डीलचं नाव पुसायला मी तयार नाही. टॅम्सचं आणि डीलचं, दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकावीत. शब्द तेच, चाल तीच. डीलच्या बँडने चालीला उडी दिली, ब्रास पुढे आणला, खाली ऑर्गनचा गालिचा अंथरला आणि गाणं नाचाच्या जमिनीसाठी नव्याने बांधलं. हे काम वेगळं आहे आणि ते त्याचं आहे. एकाच बंदिशीवर दोन घराण्यांचे गवई वेगळी इमारत उभी करतात तेव्हा आपण बंदिशकाराचंही नाव घेतो, गवयाचंही. डीलच्या आठवणीत मॉरिस विल्यम्स यायलाच हवा, टॅम्स यायलाच हवेत, रे व्हिटलीही. नावं जोडत गेलं की चार्ली फिट्झजेराल्डपर्यंत आपण आपसूक पोहोचतो. एक नाव नीट लिहिलं की त्याच्या मागची नावं लपवता येत नाहीत, आणि हाच नावं लिहिण्याचा मोठा फायदा आहे.

डीलच्या गावापासून एलिझाबेथ नदी ओलांडली की नॉरफोक लागतं. तिथला जनरल जॉन्सन, ‘चेअरमेन ऑफ द बोर्ड’ या संचाचा मुख्य गायक, पुढे बीच म्युझिकचा सगळ्यात लाडका आवाज ठरला. नदीच्या एका काठावर गोरा मुलगा, दुसऱ्या काठावर काळा, दोघांच्या कानांवर तेच सूर, आणि दोघांच्या वाट्याला आलेले रस्ते किती वेगळे. त्या दोघांवर एकत्र कोणी दीर्घ लेख लिहावा असं मला फार वाटतं.

डीलचं नाव राहिलं, कारण ते बँडच्या नावातच होतं. त्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट कोण वाजवत होतं, सॅक्सोफोन कोण? 1969 च्या त्या छोट्या तबकडीवर गाण्याचं नाव, गीतकाराचं नाव, बँडचं नाव, कंपनीचं नाव. वादक सगळे मिळून ‘रॉन्डेल्स’. हे काही एकट्या त्या कंपनीचं पाप नाही. तबकडीचा रिवाजच तो होता. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची गाणी तर जगभर वाजली, शॅगच्या जमिनीवरही वाजतात. त्या गाण्यांतला पियानो आणि ऑर्गन बहुतेक अर्ल व्हॅन डाइकच्या हातचा. त्याची आणि त्याच्या सोबत्यांची नावं मोटाउनच्या एका अल्बमवर पहिल्यांदा छापली गेली ती 1971 मध्ये. तोवर दहा-बारा वर्षं जग त्यांच्यावर नाचत होतं आणि ते कोण हे जगाला ठाऊक नव्हतं.

‘नावात काय आहे, पैसे तर मिळाले ना?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. म्हणून आता पैशांबद्दलच बोलू.

अमेरिकेत एफएम रेडिओवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला मानधन मिळतं. गायकाला आणि वादकाला काहीच नाही. ही चूक नजरेतून सुटलेली नाही, तो तिथला कायदाच आहे, आणि तो बदलावा म्हणून मांडलेली विधेयकं काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा अडकतात. म्हणजे आजही किनाऱ्यावरच्या एखाद्या स्टेशनवर डीलने गायलेलं विल्यम्सचं गाणं लागलं तर विल्यम्सच्या नावे पैसे जमा होतात, जे व्हायलाच हवेत, आणि ज्या बोटांमुळे ते रेकॉर्डिंग स्टेशनने निवडलं त्या बोटांना शून्य. डिजिटल प्रसारणासाठी 1995 मध्ये वेगळी तरतूद आली. तिच्या वाटणीत अर्धा हिस्सा रेकॉर्डिंगच्या मालकाचा, 45 टक्के मुख्य कलाकाराचा आणि 5 टक्के मागच्या वादक-गायकांचा. पण 15 फेब्रुवारी 1972 च्या आधीची रेकॉर्डिंग या संघराज्य कायद्याच्या बाहेर होती. ती आत आली ऑक्टोबर 2018 मध्ये. डीलची तिन्ही गाणी 1969 ची. तो 2003 मध्ये गेला. हिशेब वाचकानेच करावा.

आणि त्या 5 टक्क्यांचं काय होतं? ते वाटणाऱ्या निधीला आधी हे ठाऊक हवं की त्या दिवशी स्टुडिओत कोण बसलं होतं. मोठ्या शहरांतल्या, युनियनच्या कागदपत्रांसह झालेल्या रेकॉर्डिंगची नोंद सापडते. लहान गावातल्या, लहान कंपनीच्या, दोन तासांत उरकलेल्या रेकॉर्डिंगची सापडत नाही. पैसे पडून राहतात, आणि निधी न सापडलेल्या वादकांच्या याद्या प्रसिद्ध करत बसतो. पन्नास वर्षांपूर्वी कोणी एका कागदावर आठ नावं लिहिली असती तर आज एखाद्या म्हाताऱ्या की-बोर्डवाल्याच्या घरी धनादेश गेला असता. ‘नावात काय आहे’ याचं हे उत्तर.

आपल्याकडे तरी वेगळं आहे का? भारताच्या कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये मोठी दुरुस्ती झाली. गायक-वादकांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, शिवाय आपलं नाव लावलं जावं असा दावा करण्याचाही हक्क मिळाला. चांगलं झालं. पण त्याच दुरुस्तीत सादरकर्त्याच्या व्याख्येला चित्रपटापुरती एक पुस्ती जोडली आहे. ज्याचं सादरीकरण किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचं आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेही दिलं जात नाही, त्याला सादरकर्ता मानायचं नाही. त्याच्याकडे उरतो तो एकच हक्क, सादरीकरणाची मोडतोड होऊ न देण्याचा. नाव लावून घेण्याचा हक्क त्याला नाही. ही पुस्ती मी अनेकदा वाचली आहे. ‘किरकोळ’ कोण ठरवणार? आणि रिवाज नाव न देण्याचा होता, तो रिवाज चुकीचा म्हणून तर कायदा बदलायचा होता. तोच रिवाज आता कायद्यात पुरावा म्हणून बसला आहे. नाव दिलं नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव देण्याची सक्ती नाही. ही पुस्ती काढून टाकायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. निदान ‘रिवाज’ हा शब्द तरी त्यातून जायला हवा.

डील गात होता त्याच 1969 मध्ये आपल्याकडे ‘रूप तेरा मस्ताना’ आलं. त्यातलं अ‍ॅकॉर्डियन कोणाला आठवत नाही? त्या सुरांशिवाय ते गाणं उभंच राहत नाही. ते वाजवलं केर्सी लॉर्ड यांनी. हे आज आपण सांगू शकतो, कारण काही हौशी माणसांनी म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन, चहा पीत, त्यांना बोलतं केलं. तबकडीने ते सांगितलं नव्हतं. शंकर-जयकिशनचे सहायक दत्ताराम वाडकर यांचं नाव तर एका ठेक्यालाच चिकटलं, ‘दत्ताराम ठेका’. ते वादकांनी आपसांत बोलता बोलता ठेवलेलं नाव. कंपनीच्या कागदावर नसलेली नोंद साथीदारांनी स्वतः करून ठेवली. गोव्याहून मुंबईच्या स्टुडिओत आलेल्या कितीतरी वादकांच्या वाट्याला एवढंही आलं नाही.

यावर एक आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण तो खुद्द वादकांकडून येतो. ते म्हणतात, मागे राहणं हाच आमचा धर्म. साथीला बसलेल्याने स्वतःकडे लक्ष वेधून घेतलं तर गाणं बिघडतं. हे खरं आहे, आणि त्या खांबाआडच्या माणसाला मी खांबाच्या पुढे आणा असं म्हणतही नाही. गाणं चालू असताना तो दिसला नाही तरी चालेल. गाणं संपल्यावर तो माहीत असला पाहिजे. साथीदाराची विनम्रता ही त्याची मिळकत आहे. तिचा फायदा घेऊन आपण त्याला अनाम ठेवावं, हे मला मान्य नाही.

उत्तर कॅरोलायनातल्या रॉलीजवळ मी राहतो तिथे मराठी माणसं पुष्कळ आहेत. गणपतीत गाण्यांचा कार्यक्रम होतो. एका वर्षी निवेदनाच्या कागदावर पाचही गायकांचा परिचय होता, प्रत्येकाचा चार-चार ओळींचा, आणि शेवटी ‘साथसंगत: आपले कलाकार’. की-बोर्डवर जो बसला होता त्याने तीन आठवडे रोज रात्री नोकरीवरून येऊन प्रत्येक गायकाच्या पट्टीत गाणी बसवून दिली होती. दोघांची पट्टी आयत्या वेळी बदलली, तेही त्याने मंचावर निभावलं. कार्यक्रमानंतर मी तावातावाने बोललो. उत्तर आलं, ‘अहो, तो घरचाच आहे.’ घरच्याला नाव नसतं का?

पुढच्या वर्षी तो कागद मी लिहायला मागून घेतला. त्यात काही थोर नाही, पाच मिनिटांचं काम. की-बोर्ड कोण, तबला कोण, ढोलक कोण, ध्वनी कोण पाहतंय. तारीख. गाण्यांची यादी, पट्टीसकट. कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगखालीही तेच लिहिलं. मला वाटतं प्रत्येक मंडळाने, प्रत्येक शाळेने, प्रत्येक लहान बँडने एवढं केलं तर पुरे. राज्याने संगीताला अधिकृत दर्जा द्यायचाच असेल तर जोडीला दोन माणसं नेमावीत, ज्यांनी जुन्या तबकड्या घेऊन गावोगाव जावं आणि हयात असलेल्यांना विचारावं, हे कोणी वाजवलं? कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर हे आत्ताच व्हायला हवं. 1969 मध्ये विशीत असलेला वादक आता सत्तरी ओलांडून गेला आहे. मॉरिस विल्यम्स 2024 मध्ये गेला. जनरल जॉन्सन 2010 मध्येच.

आणि हे कसं करायचं हे आम्हाला अमेरिकेकडून शिकायला नको. सिंधुदुर्गात गाडीने जाताना नाक्यानाक्यावर डबलबारी भजनाचे, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याचे, फलक दिसतात. इकडचे बुवा, तिकडचे बुवा, मोठ्या अक्षरात. बुवांच्या नावाखाली, न चुकता, पखवाज अमुक, तबला तमुक, गावासकट. दोन्ही बाजूंची नावं. फलक लावणाऱ्याला कोणी कायदा सांगितलेला नसतो. पखवाजवाल्याचं नाव वगळलं तर लोक विचारतील, बारीला पखवाज कोण हाय? आणि उत्तर नसेल तर अर्धे यायचेच नाहीत.